खिडकीबाहेर हात काढू नये

मूल,
२६ फेब्रुवारी १९५५

चि. वच्छला हिस अनेक आशीर्वाद.

चांदा जिल्ह्यात जन्मून ज्यांनी मोठी आगगाडी फक्त फलाटावरून पाहिली, त्या आपणा सर्वांची एक जुनी तक्रार आहे. दिल्लीहून मद्रासला जाणारी गाडी रोज बल्लारशाला थांबते, पाणी पिते आणि आपल्याला न घेता निघून जाते. ज्या रुळांवरून ती धावते त्यांच्याखालची लाकडं आपल्या जंगलातली. आलापल्लीचा साग समुद्रापार जाऊन कोणाकोणाच्या घराचे दरवाजे झाला. आणि आलापल्लीचा माणूस? तो अजून वर्धा नदीच्या या काठावर उभा राहून विचारतो, पलीकडे कोणती भाषा बोलतात? हा दोष नदीचा नाही. आपल्याला कोणी जा म्हटलं नाही, आणि आपण कोणाला विचारलं नाही!

तू म्हणशील, भाऊ पत्र लिहितात की सभा घेतात. वीस वर्षांची सवय आहे, हात उचलला की आवाज चढतो. पण बातमीच तशी आहे. कुरखेड्याच्या शाळेतली एक मास्तरीण मे महिन्याच्या सुटीत सिलोनला निघते, नुसती हिंडायला, नुसतं बघायला, यात्रेला नाही, कोणाच्या बाळंतपणाला नाही, हे मी परवा राजोलीच्या सभेत सांगितलं तेव्हा बायांनी टाळ्या वाजवल्या.

आता सूचना. मी नकाशे, वेळापत्रकं आणि वाचनालयातली तीन प्रवासवर्णनं समोर घेऊन बसलो आहे. तुझ्या प्रवासात चार गाड्या, तीन मापांचे रूळ आणि मध्ये एक बोट आहे. वडश्याहून आपली छोटी गाडी, बल्लारशाहून मोठी, मद्रासहून मधल्या मापाची धनुष्कोडीपर्यंत, मग बोट, आणि पलीकडे तलाईमन्नारला सिलोनची गाडी.

सूचना पहिली: खिडकीबाहेर हात काढू नये. कोणत्याही गाडीत, कोणत्याही कारणानं. सूचना दुसरी: पासपोर्ट पेटीत ठेवू नको, कापडी पिशवीत घालून कमरेला बांध. तिसरी: मद्रासला उतरल्यावर दुसरं स्टेशन गाठायचं आहे, ते वेगळं आहे, हमालाच्या मागे डोळे मिटून जाऊ नको. चौथी: आपल्या शेतातले दहा पायल्या तांदूळ बरोबर ने. परक्या मुलखात पोट बिघडलं तर घरचा भातच तारतो. पाचवी ते बाविसावी सोबतच्या कागदावर आहेत.

तू मार्कंड्याच्या जत्रेच्या सुटीत इथे येऊन देवीची लस टोचून घेतलीस ते फार बरं झालं. तुझा तो पिवळा दाखला माझ्याकडे सुरक्षित आहे. चांद्याच्या मोठ्या दवाखान्याचा शिक्का मी पुढच्या आठवड्यात स्वतः जाऊन मारून आणतो. तुझी वैनी विचारते, दंड अजून दुखतो का.

५ मे रोजी तुझी गाडी मूल स्टेशनवर थांबेल. वाचनालयाची सगळी मंडळी हार घेऊन येणार आहेत. मी दोन शब्द बोलेन.

तुझा,
गुणवंतराव

&nbsp;

कुरखेडा,
८ मार्च १९५५

ती. भाऊंस सा. नमस्कार.

तुमचं पत्र आणि बावीस सूचना मिळाल्या. दंड बरा आहे, खपली धरली आहे. वैनींना सांगा, दोन दिवस त्यांनी उशाशी बसून जो वारा घातला, त्यानंच ताप उतरला.

भाऊ, रागावू नका, पण तुम्ही नागपूरच्या पलीकडे कधी गेला नाहीत. मग सूचना अकरावी, "बोटीच्या कप्तानाशी इंग्रजीत बोलावे," ही तुम्हाला कुठून सुचली? माझ्याबरोबर येणारी प्रेमिला तुम्हाला माहीत आहे, आमच्याच शाळेत तिसरीला शिकवते. तिची मामेबहीण दोन वर्षांपूर्वी कोलंबोला जाऊन आली. तिनं जे सांगितलं ते एका पोस्टकार्डावर मावलं. तांदूळ एक दाणासुद्धा नेऊ नका, धनुष्कोडीला सरकारी माणसं पेट्या उघडतात आणि धान्य काढून घेतात. पेटी एकच, आपल्याला स्वतःला उचलता येईल एवढी. बोटीत चढण्याआधी पोटभर जेवू नये, लिंबू जवळ ठेवावं. पासपोर्ट आणि लशीचा दाखला दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावे, म्हणजे एक गेलं तर दुसरं राहतं. आणि दाखल्यावर शिक्का नसेल तर मंडपमच्या छावणीत उतरवून घेतात आणि दिवसच्या दिवस बसवून ठेवतात.

म्हणजे सगळी गाडी त्या पिवळ्या कागदावर चालते. तो तुमच्याकडे आहे. शिक्का झाला की लगेच रजिस्टर टपालानं पाठवा.

इथे भागीरथा आत्यानं गाव डोक्यावर घेतलं आहे. काल विहिरीवर चार बायांपुढे म्हणाली, "लंकेत जाऊन राह्यली हे! सीतेले तं उचलून नेलं होतं, हे तिकीट काढून चालली!" मी म्हटलं, "आत्या, म्हणूनच मी परतीचंही काढलं." त्यावर सगळ्या हसल्या, आत्यासुद्धा. पण घरी आल्यावर म्हणाली, "गुणवंता काऊन अडवत नाई तुले?" मी सांगितलं, भाऊनंच तर मला शिकवलं.

दाखला विसरू नका.

तुमची,
वच्छला

&nbsp;

मूल,
२० मार्च १९५५

चि. वच्छला हिस अनेक आशीर्वाद.

तांदळाबद्दल वाचून संताप आला. ज्या सरकारला माणसाच्या डब्यातल्या भाताची भीती वाटते त्या सरकारविषयी मी येत्या रविवारी बोलणार आहे.

शिक्क्याचं काम थोडं लांबलं आहे. चांद्याचे अधिकारी दौऱ्यावर आहेत. कधी परततील ते कोणी सांगत नाही. तू काळजी करू नको. या देशात शिक्का आणि माणूस एका वेळी एका टेबलापाशी क्वचितच भेटतात.

तोवर सूचना तेवीस ते एकेचाळीस पाठवतो. त्यांतली तिसावी नीट वाच. पांबनच्या पुलावरून गाडी समुद्रावरून जाते तेव्हा भोवळ येते, त्या वेळी दूरच्या क्षितिजाकडे पाहावे. चौतिसावीही महत्त्वाची. सिलोनचं नाणं निराळं आहे, बोटीवरच बदलून घ्यावं आणि मोजून घ्यावं.

घरात आवराआवर सुरू आहे. वाचनालयातली सातशे पुस्तकं एकेक काढून, पानं उलटून झटकतो आहे. उन्हाळ्याआधी हे करावंच लागतं, नाहीतर कसर लागते. तुझी वैनी दारात उभी राहून बघते आणि आत निघून जाते.

तुझा,
गुणवंतराव

&nbsp;

कुरखेडा,
३० मार्च १९५५

ती. भाऊंस सा. नमस्कार.

सूचना मिळाल्या. दाखला मिळाला नाही.

प्रेमिलाच्या दाखल्यावर शिक्का होऊन आला. तिचा भाऊ मनसाराम सोमवारी चांद्याला गेला होता, त्याच दवाखान्यात, त्याच टेबलाशी. अधिकारी तिथेच होते. चहा पीत होते, असं तो म्हणाला.

तुम्ही कोणत्या दिवशी गेला होता?

वच्छला

&nbsp;

मूल,
९ एप्रिल १९५५

चि. वच्छला हिस अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. मधे सभांचा जोर होता. राजोली, बेंबाळ, चिरोली. घसा बसला आहे.

मी एक विचार करत होतो. मे महिन्यात सिलोनकडे वादळी पावसाची सुरुवात होते असं एका भूगोलाच्या पुस्तकात सापडलं. बोट हलते. दिवाळीच्या सुटीत समुद्र शांत असतो. सहल काय, पुन्हा निघेल. घाईनं केलेला प्रवास म्हणजे प्रवास नव्हे, नुसती धावपळ. तू सहलीतल्या बारा मास्तरणींच्या कळपात जाण्यापेक्षा नीट तयारीनं, पूर्ण अभ्यास करून जावंस, असं मला वाटू लागलं आहे. तोपर्यंत मी सूचनांची एक वहीच तयार करतो. इतर स्त्रियांनाही उपयोगी पडेल.

विचार कर.

तुझा,
गुणवंतराव

&nbsp;

कुरखेडा,
१५ एप्रिल १९५५

ती. भाऊंस,

विचार केला. आता माझा विचार ऐका.

मी चौथी पास झाले तेव्हा बाबांनी माझं दप्तर आढ्याला टांगून ठेवलं होतं. पोरीला एवढं पुरे, म्हणाले. तुम्ही तेव्हा अठरा वर्षांचे होतात. तुम्ही पाटावर चढून ते दप्तर काढलंत आणि भरल्या घरासमोर बोललात. काय बोललात ते मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे. भाऊ, त्या एका भाषणावर मी बावीस वर्षं जगले. त्या बळावर वर्ध्याला शिकायला राहिले, त्या बळावर इथे रोज सकाळी साठ पोरींसमोर उभी राहते.

आणि आता काय? राजोलीत बायांना सांगता, उंबरठा ओलांडा. बेंबाळात सांगता, चिरोलीत सांगता. आणि घरची बाई खरोखर उंबरठा ओलांडायला निघाली की तुम्हाला भूगोलाच्या पुस्तकात वादळ सापडतं! तिचा कागद तुमच्या हातात असतो आणि तुमचा हात हलत नाही. आत्या निदान विहिरीवर तोंडावर बोलते. तुम्ही एकेचाळीस सूचना लिहिता.

मला समजत नाही असं समजू नका. तुमच्या सूचना पाठोपाठ ठेवून वाचल्या. एकही सूचना "जा" असं म्हणत नाही. सगळ्या म्हणतात, सांभाळ, थांब, पाहा, मोज, बांध.

दिवाळीला काही होणार नाही. सवलतीचं तिकीट बारा शिक्षिकांचं मिळून एकच आहे, सिलोनची परवानगीही तेवढ्याच दिवसांची आहे. सहल नेणाऱ्या नागपूरच्या बाई बल्लारशाच्या फलाटावर प्रत्येकीचे कागद तपासणार. जिचा दाखला नाही ती तिथूनच परत, कारण एकीसाठी बारा जणी मंडपमला अडकतील. आणि जिला यायचं नसेल तिनं १ मेपर्यंत तार करायची, म्हणजे वाट पाहत असलेल्या दुसरीला जागा देता येईल.

म्हणून एका ओळीत लिहा. मी जाऊ नये असं वाटत असेल तर "जाऊ नको" असं लिहा. मग मी तार करीन. पण मग पुढच्या सभेत बायांना उंबरठा ओलांडायला सांगू नका. निदान माझं नाव घेऊन सांगू नका.

दाखला कुठे आहे?

वच्छला

&nbsp;

मूल,
१९ एप्रिल १९५५

वच्छलाबाईले रुखमाबाईचा नमस्कार.

मी पहिल्यांदाच टपालात पत्र टाकून राह्यली. अक्षर वाकडं आलं तं हासू नका. तुमच्या भाऊनं बायांचा वर्ग काढला तवा समोर बसाले कोणी पायजे म्हून मले बसवलं, तितलंच शिकली.

तुमचं पत्र आलं तवा हे सभेले गेल्ते. पाकीट मी फोडलं. आजवर कधी फोडलं नाई. पण महिनाभर हे जेवत नाई धड, झोपत नाई, मले वाटलं वच्छलाबाईले काई झालं का. म्हून फोडलं. एकेक शब्द लावत बसली, तीन डाव वाचलं. शेवटी तुमी लिवलं का दाखला कुठी हाये, तवा मले समजलं.

बाई, तो कागद तळ्यात हाये.

तुमाले टोचलं अना दोन दिस ताप भरला. तुमच्या दंडातून पाणी येत होतं ते मी फडक्यानं पुसत होती. ते फडकं, कडुनिंबाचा डगळा अना तो पिवळा कागद, तिन्ही कोनाड्यात होते. कागद यायनंच तिथी ठेवला अना इसरून गेले. नवव्या दिवशी मी सगळं नेऊन तळ्यात थंड केलं. घरात माता येऊन गेली तं तिचं जे जे हाये ते तिच्यासंग लावून द्या लागते. चिंधीबी ठेवा नाई. हे माया मायनं शिकवलं, तिले तिच्या मायनं.

अना मी काई न पाह्यता टाकला असं नाई. मले वाचता येते ना. कागदावर तुमचं नाव होतं, टोचीचं लिवलं होतं, तारीख होती. म्हून तं टाकला. तुमी परक्या मुलकात चालल्या, इतल्या दूर, तिचं काई तुमच्या पाठीमागं लागू नये असं वाटलं.

तुमाले ठाव नसन, तुमी तवा वर्ध्याले होत्या अना तुमचे भाऊ जेलात. आपली मंगली मातेत गेली तवा तिचं एक झबलं मी पेटीत ठेवलं. मन होत नव्हतं. सगळं थंड केलं, तेवढं ठेवलं. मंग पंधरा दिवसानं तान्ह्यालेबी माता निघाली, तोबी गेला. तवापासून मी काई ठेवत नाई.

महिना झाला, हे पुस्तकं झाडून राह्यले. एक डाव इचारलं, "काय शोधता जी?" तं म्हणाले, "तुले नाई समजाचं." बरं. मले नाई समजत. पण बाई, मले ठाव तं होतं ना! इचारलं असतं तं त्याच घडीले सांगतलं असतं.

यायले अजून सांगतलं नाई. यायच्या भाषणात नेहमी एक अडाणी बाई असते, तिच्यावर सगळे हासतेत. आता ते बाई मीच होईन, याचं भेव वाटून राह्यलं.

तुमी यायले भित्रे म्हणू नका. हे तुमच्यासाठी सातशे पुस्तकं उलटले. तुमीच यायले सांगा. तुमचं आयकतेत.

रुखमाबाई

&nbsp;

कुरखेडा,
२३ एप्रिल १९५५

ती. भाऊंस सा. नमस्कार.

सोबत वैनींचं पत्र आहे. आधी ते वाचा. मग माझं. मधे उठून पुस्तकांच्या कपाटाकडे जाऊ नका.

वाचलंत?

तुम्हाला मी भित्रे समजले ते परत घेते. दौऱ्यावरच्या अधिकाऱ्याबद्दल तुम्ही मला खोटं लिहिलंत, ते मात्र परत घेत नाही. कागद हरवला, एवढे दोन शब्द २० तारखेच्या पत्रात लिहिले असते तर मी मार्चमध्येच मूलला येऊन दुसरा दाखला करून घेतला असता. आता परीक्षा चालू आहेत, मला एक दिवस निघता येत नाही. तुम्ही सातशे पुस्तकांना विचारलं, भाऊ. भूगोलाला विचारलं, प्रवासवर्णनांना विचारलं. चुलीपाशी बसलेल्या एका माणसाला विचारलं नाही, आणि तिनं स्वतः विचारलं तर तिला म्हणालात, तुले नाई समजाचं.

मी रागावले आहे, आणि कोणावर रागवावं ते कळत नाही म्हणून जास्तच. वैनींवर रागवू? त्यांनी माझ्यासाठी, माझ्यामागे काही लागू नये म्हणून टाकला. मंगलीच्या झबल्याचं मला कधीच माहीत नव्हतं. तुम्हाला होतं?

आता काम. इथल्या दवाखान्यात मी चौकशी केली. ज्या डॉक्टरनं टोचलं त्याच्या वहीत नोंद असते, त्यावरून तो नवा दाखला देऊ शकतो. पण कसा गेला ते कारण वहीत लिहावं लागतं, आणि ज्याच्या हातून गेला त्याची खाली सही लागते. तुमची नाही. वैनींची.

मला माहीत आहे ते डॉक्टर तुमच्या प्रत्येक सभेत पहिल्या रांगेत बसतात. मला माहीत आहे १ मेच्या रविवारी तुमचं भाषण लशीवरच आहे. तुम्ही तिथे जाऊन "उंदरानं खाल्ला" असं लिहून द्याल, अशी मला भीती वाटते. तसं करू नका. तुम्ही मला एकेचाळीस सूचना दिल्यात, माझी एकच आहे. वैनींना बरोबर घेऊन जा, आणि बोलायचं काम त्यांना करू द्या.

१ मेपर्यंत तार करायची की नाही, हे मला अजून माहीत नाही.

वच्छला

&nbsp;

मूल,
३० एप्रिल १९५५

चि. वच्छला हिस अनेक आशीर्वाद.

तार करू नको.

हे पत्र भातगिरणीच्या डोमाजवळ देतो आहे. तो आज वडश्याला आणि तिथून कुरखेड्याला माल आणायला चालला आहे, उद्या सकाळी तुझ्या हातात देईल.

तुझ्या पाकिटातली दोन्ही पत्रं वाचली. शिक्क्याचे अधिकारी दौऱ्यावर होते हे मी लिहिलं ते साफ खोटं होतं. मे महिन्याच्या वादळाचं कारणही खोटं. मी चांद्याला गेलोच नाही, कारण न्यायला कागदच नव्हता. मला वाटत होतं आज सापडेल, उद्या सापडेल. सूचना लिहीत बसलो की निदान तुझ्या प्रवासाचं काहीतरी करतो आहे असं वाटायचं. झबल्याचं मलाही माहीत नव्हतं. जेलातून आलो तेव्हा दोन्ही पोरं नव्हती, आणि मी विचारलं नाही. मी तडक सभेला गेलो होतो. लशीच्याच.

मंगळवारी दवाखान्यात गेलो. तू म्हणालीस तेच माझ्या मनात होतं. वाटेत दोनदा म्हणालो, "रुखमा, कारण उंदीर असं सांगू. विषय मिटेल." ती म्हणाली, "उंदरावर काऊन घालता जी? त्यानं काय केलं?" आम्ही तसेच पुढे चालू लागलो.

डॉक्टर मला पाहून उठून उभे राहिले. "या गुणवंतराव, रविवारी येतोच आहे मी." मग तिनं सांगितलं. पदर सावरून, खाली न बघता, तुला लिहिलं तसंच सगळं. फडकं, डगळा, कागद. झबलंसुद्धा. मी भिंतीवरचा तक्ता वाचत होतो.

मला वाटलं डॉक्टर हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "बाई, आणखी कोण कोण असं करतं?"

"सगळ्याच," ती म्हणाली.

"म्हणजे दरवर्षी मी गावागावात टोचून जे कागद देतो..."

"ते सगळे तळ्यात हायेत, डॉक्टरसाहेब. काई नदीत."

तीन वर्षं हा माणूस वरच्या कचेरीला अहवाल पाठवतो आहे की इथले लोक निष्काळजी आहेत, कागद हरवतात! आणि तीन वर्षं मी त्याच्या शेजारी उभा राहून त्याच लोकांना निष्काळजी म्हणतो आहे! हरवत नव्हते, वच्छला. मोजून, नेमानं, काळजीनं पोचवत होते. डॉक्टर म्हणाले, फडकं घरात ठेवत नाही हे अगदी बरोबर आहे, त्यानंच रोग पसरतो. फक्त तळ्यात टाकू नका, पाणी पितात लोक, जाळून टाका. आणि कागद तेवढा ठेवा. त्यावर तुझी वैनी काय म्हणाली? "मंग तसं कागदावर लिवा ना. हा ठेवा, म्हून. आता वाचता येते आमच्यातल्या काईजणींले."

त्यांनी तिथल्या तिथे तुझ्या नव्या दाखल्याच्या वरच्या कोपऱ्यात तांबड्या शाईनं लिहिलं: हा ठेवावा. सिलोनचे अधिकारी हे मराठी वाचून काय समजतील ते समजोत. मग वहीत कारण लिहिलं आणि तिनं खाली सही केली. पूर्ण नाव. वेळ लागला.

गुरुवारी चांद्याला जाऊन शिक्का मारून आणला. ती बरोबर आली. छोट्या गाडीत ती पहिल्यांदा बसली, हे मला गाडी सुटल्यावर कळलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली आणि स्टेशन घरापासून पाऊण कोस आहे. सगळ्या वाटेनं खिडकीशी बसून होती. येताना म्हणाली, "वच्छलाबाई आल्या का मंग मलेबी जाचं हाये कुठीतरी. लंकेतच पायजे असं नाई."

उद्याच्या सभेत मी त्या अडाणी बाईची गोष्ट सांगणार नाही. ती गोष्ट मी आता सांगू शकत नाही. काय बोलेन ते अजून ठरलं नाही, आणि असं वीस वर्षांत पहिल्यांदा झालं आहे.

दाखला डोमाबरोबरच पाठवणार होतो. तुझी वैनी देऊ देत नाही. "मीच पाण्यात टाकला, मीच हातात देईन," म्हणते. तिनं तो तिच्या पेटीत ठेवला आहे आणि किल्ली तिच्या कमरेला आहे. म्हणून गुरुवारी, ५ तारखेला, तुझी गाडी मूलला येईल तेव्हा फलाटावर वाचनालयाची मंडळी नसतील, हार नसतील, माझे दोन शब्द नसतील. तुझी वैनी उभी असेल, आणि तिच्यामागे मी.

गाडी आपल्याकडे दोनच मिनिटं थांबते, आणि बायांच्या डब्यात त्या दिवशी गर्दी असेल. दारापर्यंत यायला तुला जमायचं नाही. म्हणून सूचना दोन ते एकेचाळीस फाडून टाक. पहिली मी मागे घेतो. सिंदेवाही सुटलं की फलाटाच्या बाजूच्या खिडकीशी येऊन बस, आणि मूल दिसताच हात बाहेर काढ.

तुझा,
गुणवंतराव